झाकलेले मधले अक्षर

नाम सोक-ह्वान हा लिफ्टच्या कंपनीत चोवीस वर्षे होता आणि त्यातली एकवीस वर्षे तो फोनवरच बोलत होता. देजॉनच्या मुख्य कचेरीत, अकराव्या मजल्यावर, खिडकीपासून दुसरे टेबल. काम एकच. देशभर विखुरलेल्या अकराशे मेकॅनिकांना वर्षातून दोनदा वर्गात बसवायचे. लिफ्टचे काम व्हिडिओ बघून शिकता येत नाही. शिक्षकाने समोर उभे राहून "हात तिथं घालायचा नाही!" असे ओरडावे लागते, तेव्हा कुठे हात वाचतात.

वर्गात नाव घालणे म्हणजे संगणकात नाव टाइप करणे, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. नामचे तसे नव्हते. तो आधी फोन करी.

"काय रे, बायकोची तारीख कधीची? अठराची? मग तुला सव्वीसच्या वर्गात घालतो. आणि तो तुझा जोडीदार, त्याची आई बरी आहे का? नाही? मग त्याला पुढच्या महिन्यात ढकलू."

अशाने एक वर्ग भरायला आठ-दहा दिवस लागत. पण भरलेला वर्ग भरलेलाच राही. ऐनवेळी कोणी आजारी पडत नसे, कारण कोण कधी आजारी पडणार हे नामला पडणाऱ्याच्या आधी ठाऊक असे.

एका सोमवारी कुक दोंग-जूने त्याला काचेच्या खोलीत बोलावले. कुक हा विभागप्रमुख. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो नामच्या तुकडीचा. दोघे एकाच वर्षी, एकाच दिवशी, एकसारखे उसने कोट घालून कंपनीत दाखल झाले होते. पुढे एकाला काचेची खोली मिळाली, दुसऱ्याला खिडकीपासून दुसरे टेबल. पण एका तुकडीचे लोक मरेपर्यंत एकमेकांना 'तू' म्हणतात. चारचौघांत नाम त्याला 'कुकसाहेब' म्हणे, दार लागले की 'अरे दोंग-जू'.

"सोक-ह्वान, ही फोनाफोनी आता बंद," कुक म्हणाला. "वरून हुकूम आहे. तुझ्या डोक्यातलं सगळं कागदावर काढ. बान बाई त्याचं यंत्र करणार आहेत."

"डोक्यातलं काढल्यावर डोक्याचं काय करायचं?"

"असू दे. टोपी घालायला लागतं."

दोघे हसले. नाम जरा जास्त हसला.

बान हा-रान ही संगणक विभागातली. वय एकतीस, कानात कायम काहीतरी खुपसलेले आणि तोंडात दोनच वाक्ये: 'होईल' आणि 'नाही होणार'. तिने नामला समजावून सांगितले की दोन संगणक माणसाला मध्ये न घेता आपापसांत बोलतात, त्यासाठी एक दार असते, त्याला एपीआय म्हणतात. आपण त्या दाराशी एक फाईल ठेवायची. फाईलमध्ये ओळीने माणसे आणि पुढे वर्गाचा क्रमांक. बटण दाबले की सगळे एका दमात आत.

"सगळे? शंभर असले तरी?"

"होईल."

"आणि कोणाची बायको बाळंत होणार असली तर?"

"ते नाही होणार," हा-रान म्हणाली. बाळंतपण की विचारणे, हे तिने स्पष्ट केले नाही.

मग दोघे पंधरा दिवस नियम लिहीत बसले. नाम सांगे, हा-रान लिही. नामने आयुष्यात कोणाला इतके मन लावून ऐकताना पाहिले नव्हते. त्याला वाटले, ही मुलगी आपल्याकडून शिकते आहे. शिकत होते यंत्र.

"कोणी नाव काढून घेतलं तर ती खुर्ची रिकामी ठेवायची?" तिने एकदा विचारले.

"रिकामी?" नाम जवळजवळ उठून उभा राहिला. "शिक्षक घसा फोडून ओरडणार आणि समोर रिकामी खुर्ची? अजिबात नाही. प्रतीक्षेतल्या पहिल्याला लगेच वर घ्यायचा."

"आपोआप?"

"आपोआप."

"त्याला न विचारता?"

"विचारत बसलं तर वर्ग संपतो. आणि एखाद्यानं वर्गाच्या दिवशी सकाळी नऊला दांडी मारली, तरी तेच. पहिल्याला मेसेज, आणि त्यानं धावत यायचं."

"हा नियम बंद करायचा झाला तर परवानगी कोणाची?"

"विभागप्रमुखाची," नाम म्हणाला. "पण तो कशाला बंद करेल? कुकला रिकामी खुर्ची माझ्याहून जास्त खुपते."

यंत्र तयार झाले त्या दिवशी तीनशे बारा माणसे चाळीस सेकंदांत वर्गात बसली. देशभर तीनशे बारा मोबाईल वाजले: 'अभिनंदन! आपली नोंदणी झाली आहे.' सगळ्या विभागाने टाळ्या वाजवल्या. नामने सर्वांत जोरात वाजवल्या. आपले चार महिन्यांचे काम चाळीस सेकंदांत झाले, तर उरलेल्या चार महिन्यांत आपण काय करायचे, हा हिशेब टाळ्या वाजवणाऱ्या माणसाच्या मनात येत नाही. हात रिकामे नसतात.

*

नोव्हेंबरच्या शेवटी मनुष्यबळ विभागाकडून एक वेगळी फाईल आली. वर्गाचे नाव होते 'नवी वाट'. तीन दिवस, चुंगजूच्या डोंगरातले प्रशिक्षण केंद्र, राहणे-खाणे कंपनीचे, अठ्ठेचाळीस खुर्च्या.

'नवी वाट' म्हणजे काय, हे कंपनीत झाडू मारणाऱ्या मावशींनाही ठाऊक होते. पहिल्या दिवशी शिक्षक अर्ज कसा लिहायचा ते शिकवतो. दुसऱ्या दिवशी, पुढे छोटे दुकान काढता यावे म्हणून, कॉफी करायला आणि कोंबडी तळायला शिकवतात. तिसऱ्या दिवशी बाहेर पडताना दाराशी एक टेबल असते. टेबलावर स्वखुशीने राजीनामा देण्याचा फॉर्म असतो आणि पेन असते. सक्ती कोणालाच नसते. पेन मात्र टोपण काढून ठेवलेले असते. तिथून परत येऊन पुन्हा आपल्या टेबलावर बसलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नव्हता.

खासगी माहिती जपण्याच्या कायद्याची कंपनीला भारी काळजी. त्यामुळे या फाईलमध्ये नोकरीचे क्रमांक नव्हते, शाखा नव्हत्या. नावे होती, पण प्रत्येकाचे मधले अक्षर झाकलेले; अख्खी नावे फक्त यंत्राला दिसत. त्यांच्या लिपीत नाव तीनच अक्षरांचे: पहिले आडनावाचे, शेवटचे नावाचे, आणि मध्ये एक टक्कल पडल्यासारखा गोल. अशा अठ्ठेचाळीस ओळी. शिवाय प्रतीक्षा यादीची वेगळी फाईल होती, पण ती मनुष्यबळ विभागाने थेट यंत्राच्या पोटात घातली होती. ती नामने पाहिली नाही.

एकतिसाव्या ओळीत लिहिले होते: नाम ○ ह्वान.

नाम मनात म्हणाला, अरेरे, ग्यू-ह्वान!

इथे कुळाचा भाग येतो. नामच्या कुळात त्या पिढीच्या सगळ्या मुलग्यांच्या नावात शेवटचे अक्षर 'ह्वान' ठेवायचे, हे तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या आजोबांनी वहीत लिहून ठेवले होते. म्हणजे आडनाव कुळाचे, शेवटचे अक्षर पिढीचे. माणसाचे स्वतःचे म्हणून काय ते मधले एक अक्षर. आणि कायद्याने नेमके तेच जपले होते.

कंपनीत या कुळातले दोघेच. एक हा सोक-ह्वान, दुसरा जेजू बेटावरच्या शाखेतला ग्यू-ह्वान, सहा वर्षांनी लहान. त्याचे आपल्या शाखाप्रमुखाशी अकरा वर्षे पटत नव्हते, हे सर्वश्रुत होते. तेव्हा यात कोडे काहीच नव्हते.

तरी नामने खात्री करून घेतली. दुपारी कुकबरोबर कोपऱ्यावरच्या म्हातारीकडे शेवयांचा रस्सा खायला गेला असताना त्याने आवाज खाली आणून विचारले, "दोंग-जू, त्या फाईलमध्ये आमच्यातला एक आहे. जेजूचाच ना तो?"

कुकने आपल्या वाडग्यातली कालवे चमच्याने काढून नामच्या वाडग्यात टाकली. एक, दोन, तीन. शिंपल्यातली ही कालवे कुकला फार आवडत.

"हं. जेजूचाच," तो म्हणाला. "खा. निवेल."

"बिचारा. दोन लहान मुली आहेत रे त्याला."

"काय करणार! मुळा घे अजून."

"मी फोन करून सांगू का त्याला? मेसेजनं कळणं वाईट. माणसाच्या तोंडून कळलेलं बरं."

कुक रश्श्यात बघत राहिला. मग म्हणाला, "तू नको सांगूस. कायदा आहे."

पण एकवीस वर्षे ज्याने आधी फोन केला, तो माणूस एका कायद्याने थोडाच सुधारतो? नामने जिन्यात उभे राहून जेजूला फोन लावला.

"दादा!" ग्यू-ह्वान आनंदाने ओरडला. "आज आठवण कशी काय? पूर्वजांच्या पूजेला येताय ना?"

"ऐक. घाबरू नको. बसला आहेस का?"

"लिफ्टच्या डोक्यावर बसलोय. सातव्या मजल्यावर."

"मग आधी खाली उतर."

ग्यू-ह्वान खाली उतरला. नामने त्याला सांगितले.

"नक्की माझंच?"

"मधलं अक्षर झाकलंय. पण आडनाव नाम, शेवट ह्वान. कंपनीत आपण दोघंच."

"म्हणजे मीच," ग्यू-ह्वान म्हणाला. "तुमचं कसं असेल, दादा? तुम्ही तर यंत्र चालवणारे."

"हो ना," नाम म्हणाला.

"दादा, तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. कोणी सांगत नाही हो असं." त्याचा आवाज फुटला. नामचाही. जिन्यात एक साफसफाईवाली मावशी आली, तिने बघितले आणि ती वरच्या मजल्यावर आधी पुसायला गेली.

*

शुक्रवारी पाच वाजता फाईल चढवायची होती. नामला बटण दाबवेना. त्याने खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली, चष्मा पुसला. कुक काचेतून बघत होता. शेवटी तो स्वतः बाहेर आला आणि नामच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"दाब," तो म्हणाला. चारचौघांत होते, तरी हळूच 'तू'वर आला. "तू नाही दाबलंस तर दुसरं कोणी दाबेल. निदान तुझा हात तरी मायेचा आहे."

नामने दाबले. पडद्यावर हिरवी पट्टी सरकली. अकरा सेकंद लागले. 'अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठेचाळीस यशस्वी.' कुकचा हात खांद्यावरून निघाला आणि तो खोलीत गेला. काचेवरचा पडदा त्याने ओढून घेतला, जो गेली नऊ वर्षे कोणी ओढलेला पाहिला नव्हता.

आणि टेबलावर नामचा मोबाईल थरथरला.

'अभिनंदन, नाम सोक-ह्वान! नवी वाट या वर्गात आपली नोंदणी झाली आहे. सोमवार, सकाळी नऊ. सोबत खेळाचे बूट आणावेत.'

ज्याचा मेसेज त्याला नाव पूर्ण दाखवायचे, हाही नामचाच नियम. "लोकांना आपलं अख्खं नाव वाचायला बरं वाटतं," असे त्याने हा-रानला सांगितले होते.

त्याने मेसेज तीनदा वाचला. मधले अक्षर तिन्ही वेळा 'सोक'च निघाले. त्याला वाटले, यंत्र चुकले. पुढच्या क्षणी वाटले, देवा, यंत्र चुकलेले असू दे. मग त्याला वाडग्यातली ती तीन कालवे आठवली आणि यंत्रावरचा संशय गेला.

तेवढ्यात फोन वाजला. जेजू.

"दादा, मला मेसेजच आला नाही! इथं सगळ्यांचे फोन बघितले. बेटाला रेंज कमी पडते की काय?"

"तुझं नाव नाही यादीत, ग्यू-ह्वान."

"नाही?" तो आनंदाने ओरडणार होता, तेवढ्यात थांबला. "मग आज दुपारी मी शाखाप्रमुखाला सगळ्यांसमोर 'सुकवलेला माकूल मासा' म्हणालो, त्याचं काय?"

"...म्हणालास?"

"आणखीही म्हणालो. अकरा वर्षांचं साठलं होतं, दादा. जायचंच आहे म्हटल्यावर... त्यांच्या मेव्हण्याचंही काढलं." "पण मग ते दुसरं नाव कोणाचं? आपण दोघंच तर..."

नामने मोबाईल दुसऱ्या कानाला धरला.

"दादा?"

नामने चष्मा काढून हातात धरला.

"दादा," ग्यू-ह्वान अगदी हळू म्हणाला, "बसलाय का तुम्ही?"

*

हा-रान संगणकापुढे फुटाणे खात होती. नामने मोबाईल तिच्यासमोर धरला. तिने वाचले आणि कानातले काढले. नामने तिचे दोन्ही कान एकदम उघडे कधी पाहिले नव्हते.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. हे तिसरे वाक्य होते.

"मला काढता येईल?"

"सहापर्यंत स्वतःचं नाव स्वतः काढता येतं. होईल." तिने पडदा उघडला आणि प्रतीक्षा यादी बघितली. "पण तुम्ही निघालात की पहिला आपोआप वर चढेल. आपल्या विभागाच्या वाट्याला एक खुर्ची आहे. पहिला म्हणजे..."

तिने पडदा वळवला. कुक ○ जू.

मुख्य कचेरीत पन्नाशी ओलांडलेला दुसरा कुक नव्हता. पहिलाही तोच होता.

"खुर्ची रिकामी ठेवायची म्हटलं तर?"

"तुमचा नियम बंद करावा लागेल. त्याला विभागप्रमुखांची मंजुरी लागते. मी विनंती पाठवते. त्यांच्या पडद्यावर दोन बटणं येतील." तिने घड्याळ पाहिले. पाच पस्तीस. "पाठवू?"

"पाठवा," नाम म्हणाला आणि काचेच्या खोलीकडे गेला.

कुक काचेवरच्या पडद्यामागे उभा होता. टेबलावरच्या फायली त्याने उंचीप्रमाणे लावून ठेवल्या होत्या.

"जेजूचाच, म्हणालास," नाम म्हणाला.

"बस आधी."

"कालवं वाढता वाढता म्हणालास."

"सोक-ह्वान, विभागातून एक नाव मागितलं होतं. पन्नाशीच्या पुढचे आपण दोघंच. एकाला यादीत घालायचं, एकाला प्रतीक्षेत. मी काय करणार होतो?"

"मला सांगणार होतास."

"सांगणारच होतो! रोज ठरवायचो. मग वाटलं, यंत्राकडून कळलं तर तुला कमी लागेल. यंत्राशी कुठं आपलं वैर असतं?"

"बटण मी दाबलं, दोंग-जू. तू खांद्यावर हात ठेवलास आणि मी दाबलं."

"म्हणून तर मी..." कुक म्हणाला आणि त्या वाक्याला पुढे कुठे जायचे हे त्याला सापडेना. तो पाण्याचा पेला शोधू लागला.

"हे बघ," नाम म्हणाला, "माझं नाव काढायचं बटण माझ्याकडे आहे. काढलं की तुझं वर चढतं. आत्ता पावणेसहा झालेत. दहा मिनिटं झाली, मी दाबलेलं नाही."

कुकचा चेहरा उकडलेल्या मुळ्यासारखा झाला. "का नाही दाबलंस?"

"विचारावं म्हटलं आधी. तुझ्या पडद्यावर बघ. एक विनंती आलीय. मंजूर केलीस तर माझी खुर्ची रिकामी राहील. मीही नाही, तूही नाही. सत्तेचाळीस जण जातील."

कुकने पडद्याकडे पाहिले. 'मंजूर' आणि 'नामंजूर' अशी दोन बटणे होती, एकाच आकाराची.

"सत्तेचाळीस पाठवले तर वरून फोन येईल."

"येऊ दे. उचल."

"काय सांगू त्यांना?"

"सांग, एक खुर्ची रिकामी ठेवलीय. आजवर आपल्या विभागानं एकही ठेवली नव्हती."

"ते विचारतील, मग दुसऱ्यानं का नाही भरली?"

"विचारतील," नाम म्हणाला.

कुकचा हात माउसवर गेला. नाम त्या हाताकडे बघत राहिला. हात पुढे सरकला, थांबला, माउसखालची गादी सरळ केली. मग कुकने गादीवरची न दिसणारी धूळ फुंकली. "सोमवारी मी वरच्यांशी प्रत्यक्ष बोलतो," तो म्हणाला. "समोरासमोर. फोनवर असल्या गोष्टी नीट होत नाहीत. तुला तर माहीतच आहे."

"सोमवारी नऊला मी चुंगजूत असेन."

"माझी धाकटी यंदा परीक्षेला बसलीय, सोक-ह्वान."

"ठाऊक आहे. तिला पेन मी दिलं."

"सोक-ह्वान, प्लीज." चोवीस वर्षांत कुकने त्याला हा शब्द कधी वापरला नव्हता, आणि कशासाठी वापरला हे त्याने आत्ताही सांगितले नाही. मंजुरी मागू नको म्हणून, की स्वतःचे बटण दाबू नको म्हणून? बहुधा दोन्हीसाठी एकच पुरेल असे त्याला वाटले असावे.

हा-रान आत येऊन दार लावून उभी राहिली होती. छातीशी लॅपटॉप, कान उघडेच. कुक पडद्याकडे बघत होता, नाम कुककडे. नामच्या खिशात मोबाईल होता आणि अंगठ्याचे काम होते. त्याने हात खिशात घातला नाही.

"सहा," हा-रान म्हणाली. "यादी बंद झाली."

कुकने सुस्कारा सोडला. तो त्याने दाबायचा प्रयत्न केला, पण तो नाकातून निघालाच.

"कुकसाहेब," नाम म्हणाला.

दार लागलेले होते. बाहेरचे कोणी ऐकत नव्हते. हा-रान होती, पण ती आतलीच.

"अरे, साहेब काय!" कुक म्हणाला.

"सोमवारपासून मी नाही. बुसानचे शिक्षक आले की त्यांना आधी कोमट पाणी लागतं, मग चहा. इंचॉनच्या मेकॅनिकांना शुक्रवारचा वर्ग देऊ नका, त्यांच्याकडं शुक्रवारी जुन्या इमारतींची तपासणी असते. हे यंत्रात नाही. तुम्ही लिहून ठेवावं."

"तुम्ही? सोक-ह्वान, असं नको रे बोलूस. शिवी दे हवं तर."

"आणखी काही आठवलं तर बान बाईंना कळवेन."

नामने बाहेर येऊन आपल्या टेबलावरून चष्म्याचा डबा, पेला आणि मेकॅनिकांचे फोन असलेली वही घेतली. वही हा-रानला दिली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि मान खाली घातली.

लिफ्टचे दार मिटता मिटता कुकने मध्ये हात घातला आणि तोही आत शिरला. हात तिथे घालायचा नसतो. अकरा मजले दोघे शेजारी शेजारी उभे राहिले, पुढे बघत. ही लिफ्ट त्यांच्याच तुकडीने बसवलेली होती. आवाज अजिबात करत नव्हती, हाच तिचा दोष होता.

तळमजल्यावर दार उघडले तसा कुक घाईघाईने बोलला. "थंडी वाढलीय. तब्येतीला जप. डोंगरात आणखी गार असतं. आज रात्री गरम काहीतरी खा, उद्या बाहेर पडू नको. सोमवारपर्यंत तरी अगदी जप."

नामने त्याच्याकडे पाहिले. सोमवारी सकाळी नऊला एकतिसावी खुर्ची रिकामी दिसली, तर मेसेज कोणाच्या खिशात वाजणार, हे दोघांनाही माहीत होते. इतक्या वर्षांत कुकने त्याच्या तब्येतीची चौकशी शेकडो वेळा केली असेल. इतक्या कळकळीने केलेली ही पहिलीच.

नामने बाहेर पडून, वळून पाय जुळवले, हात मांड्यांशी सरळ केले आणि मोठ्या गिऱ्हाइकाला निरोप देताना कंपनीची माणसे वाकतात तसा कमरेतून पुरता वाकला. कुक आतच उभा राहिला. नाम सरळ झाला तेव्हा समोर लिफ्टचे दार कुकला आत घेऊन मिटत होते.